मोजणीत एक कमी

माझ्या मोजणीत एक कमी येत होता आणि सूत्रधारांच्या हिशेबाने तो असायलाच हवा होता. भानगड एवढीच, पण तिच्यापायी आमच्या विभागातल्या दोन शहाण्यासुरत्या माणसांनी एकमेकांबरोबर चहा प्यायचं बंद केलं होतं.

आम्ही काय मोजत होतो ते आधी सांगते. एरवी मी हे सांगायला लागले की लोक घड्याळाकडे बघतात. आईने मात्र नीट ऐकून घेतलं होतं. तिला मी सांगितलं होतं, असं समज की एक घर आहे आणि घरात चार माणसं. त्यातल्या कुठल्याही दोघांत वाद झाला तर शेवटी कोणाचं चालतं याचा एक तक्ता करायचा. कधी त्या दोघांपैकी एकाचं चालतं, कधी भलत्याच तिसऱ्याचं. आधी कोण बोललं यानेही फरक पडतो. आणि माणूस एकटाच स्वतःशी वाद घालत बसला तर काय, तेही तक्त्यात लिहायचं. काही जण एकटे असताना आपल्या मतावर ठाम असतात, काहींना एकांतातही दुसऱ्याचंच म्हणणं पटतं. आता शेजारच्या घरात वेगळ्या नावांची चार माणसं आहेत. पण तिथली नावं बदलून आपल्या घरातली नावं घातली, आणि तक्ता हुबेहूब आपल्यासारखा निघाला, तर गणिताच्या लेखी ती दोन घरं नव्हेत, एकच घर. मग खरोखर वेगळी अशी घरं किती, हा आमचा प्रश्न.

आईने विचारलं होतं, दोनच माणसांचं घर असलं तर? मी म्हटलं, तक्ते सोळा होतात, पण नावांची अदलाबदल लक्षात घेतली की वेगळी घरं दहाच उरतात. ती म्हणाली, "दहाच? मला वाटलं होतं नवराबायकोचे प्रकार जास्त असतील." हे वाक्य मी पुढे वर्गात कितीतरी वेळा वापरलं. मुलं दरवेळी हसतात आणि मी ते माझंच म्हणून खपवते.

आमच्या चार माणसांच्या घरांना आणखी एक नियम पाळावा लागत होता. तो इथे सांगत बसत नाही, त्यावाचून गोष्टीचं काही अडणार नाही. नियम पाळणारे तक्ते ढिगाने होते आणि त्यांतून वेगळे प्रकार निवडायचे होते. हे काम दोन तऱ्हांनी करता येतं. एक तऱ्हा सूत्रधारांची. हे माझे वरिष्ठ सहकारी. त्यांच्याकडे सूत्र आहे, म्हणून विभागातल्या कोणीतरी कधीतरी त्यांना हे नाव चिकटवलं आणि त्यांनाही ते आवडलं. सूत्रात आकडे घातले की खालून उत्तर बाहेर पडतं. एकही घर न बघता एकूण घरं किती हे ते छातीठोकपणे सांगतात. समारंभाला न जाताच पंगतीला किती पानं बसली ते सांगणारा माणूस असावा, तसे. दुसरी तऱ्हा माझी. मी प्रत्येक तक्ता संगणकाकडून तयार करून घेते आणि नवा निघाला तर ठेवते, आधी आलेला असेल तर टाकून देते. शेवटी माझ्या हातात सगळ्या घरांची खरीखुरी यादी राहते. त्यांच्या हातात फक्त आकडा.

त्यांचा आकडा माझ्या यादीपेक्षा एकाने मोठा होता. शेकड्याने फरक असता तर कोणीतरी मूर्खपणा केलाय म्हणून आम्ही दोघंही गप्प बसून चूक शोधली असती. एकाचा फरक फार छळतो. सूत्रधार म्हणत, तुमचा एक हरवलाय. मी म्हणत असे, कुठला ते सांगा, म्हणजे शोधते. यावर ते खांदे उडवत, कारण त्यांचं सूत्र ते सांगू शकत नाही. कोणीतरी आलेलं नाही एवढंच त्याला कळतं.

त्याच दिवसांत आई शुश्रूषागृहात होती. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. बोलणं शाबूत, बुद्धी शाबूत, उजवी बाजू तर धडधाकट. डावा हात जड झाला होता आणि डावा पाय ओढत होता, पण रोज बागेतल्या कठड्याला धरून चालली तर तोही कामाला लागेल असा त्यांना भरवसा होता.

तिला तिथे ठेवायचं मी ठरवलं, आणि त्यावरून ताईचं आणि माझं वाजलं. ताईला आई तिच्या घरी हवी होती. मी म्हटलं, तुझ्या घराला चौदा पायऱ्या आहेत. ती म्हणाली, तुला आई म्हणजे एक खाट आणि एक आकडा. मी म्हणाले, आणि तुला आई म्हणजे लोकांना दाखवायची सेवा. ही वाक्यं रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये बोलली गेली आणि नंतर कोणीच ती मागे घेतली नाहीत. आम्ही तह केला तो मेसेजवर. सम तारखा माझ्या, विषम तारखा तिच्या, म्हणजे समोरासमोर यायला नको. एकतीस आणि एक लागोपाठ विषम येतात आणि त्यामुळे ताईला मधूनच एक दिवस जास्त मिळतो, हे तह करताना माझ्या ध्यानात आलं नाही. गणितात डॉक्टरेट असलेल्या बाईच्या.

आईची खोली पहिल्या मजल्यावर, उताराच्या वाटेने वर गेलं की डावीकडे. खिडकीतून बागेतला कठडा दिसायचा. मी आत शिरायचे, खुर्ची ओढायचे, "आई" म्हणायचे. ती वळून म्हणायची, "आलीस का बाळ." मग तिची औषधं, जेवण, शेजारच्या खोलीतल्या बाईंचं खोकणं, असं बोलणं व्हायचं. पहिले काही दिवस मला वावगं काही वाटलं नाही.

एका दुपारी मी तिला फळ कापून देत होते. ती म्हणाली, "धाकटी कशी आहे?"

धाकटी मी. मला वाटलं, तिची जीभ घसरली. मी म्हटलं, बरी आहे, तुझ्यासमोर बसलीये. आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि फार मायेने, फार थकून म्हणाली, "नको तिची बाजू घेऊस. लहानपणीही हेच करायचीस. ती बाहेर उंडारत असायची आणि मी फोन केला की तू तिचा आवाज काढून सांगायचीस, आई मी घरीच आहे."

ते खरं आहे. ताईचा आणि माझा आवाज एक आहे. फोनवर माझ्या नवऱ्यालाही फसवता येतं. उंची एक, चष्मा दोघींना, केस दोघींचे कानापर्यंत कापलेले. पण चेहरा वेगळा आहे. ताईचं नाक सरळ, माझं बाबांच्या वळणावर गेलेलं. आई माझ्या त्या नाकाकडे बघत बघत मला ताई समजत होती.

मी तिला पटवायचा आटोकाट प्रयत्न केला. माझ्या शाळेतली गोष्ट सांगितली. ती म्हणाली, हे तुला माहीत असणारच, तू तिची बहीण. माझ्या लग्नातली सांगितली. तेव्हाही तू होतीसच की, असं तिचं उत्तर. माझ्याबद्दल मला जे जे ठाऊक होतं ते सगळं ताईलाही ठाऊक होतं. अंगावर तीळ नाही, व्रण नाही, खूण म्हणावी असं माझ्याकडे काहीच नाही. शेवटी मी ओळखपत्र काढून दाखवलं. तिने चष्मा लावून ते वाचलं, फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तिचं कार्ड घेऊन यायची काय गरज होती? ती स्वतः येऊ शकत नाही का?"

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं मी हिची मुलगी आहे आणि मला ते सिद्ध करता येत नव्हतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, कोणाचा ते कळेना.

तिथल्या नर्सबाईंनी मला पाहिलं आणि बाकावर बसवलं. त्यांना अंदाज होता. म्हणाल्या, "त्यांना चेहरे कळत नाहीत असं मला वाटतं. मला त्या पांढऱ्या बुटांवरून ओळखतात. परवा मी चपला घालून गेले तर विचारलं, तुम्ही कोण." डॉक्टरांच्या कानावर त्यांनी घातलं होतं. झटक्यानंतर असं होऊ शकतं, म्हणे. नजर चांगली असते, नाक, डोळे, तोंड सगळं दिसतं, पण त्यांचा मिळून माणूस होत नाही. आई हे लपवत होती. कोणी आत आलं की आवाज, चष्मा, चाल यांवरून मेळ बसवायची आणि सरसकट सगळ्यांना "बाळ" म्हणून वेळ मारून न्यायची.

नर्सबाईंनी पुढे जे सांगितलं ते मला जास्त लागलं. आई भेटीच्या वेळेत बागेत जायला तयारच होत नव्हती. धाकटी यायची आणि खाट रिकामी बघून परत जायची, अशी तिला धास्ती. व्यायाम घेणारी मुलगी नेमकी त्याच वेळेत यायची. म्हणजे आई माझी वाट बघत, माझ्यासमोर, खाटेवर बसून राहायची आणि पाय तसाच राहायचा.

त्याच संध्याकाळी ताईचा मेसेज आला. 'आई तुझ्या नावाने झुरतेय. निदान तुझ्या तारखा तरी पाळ.' माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी लिहिलं, 'एकही चुकवलेली नाही. तू तुझ्यापुरतं बघ.' हे पाठवून झाल्यावर मला खरं तर तिला फोन करून सगळं सांगायचं होतं. पण पार्किंगमधलं ते वाक्य आडवं आलं.

पुढच्या सम तारखेला गेले तेव्हा मी वाद घातला नाही. ताई म्हणूनच बसले. हे सांगायला लाज वाटत नाही, कारण मला उत्सुकता होती. आपण नसताना आई आपल्याबद्दल काय बोलते हे ऐकायला मिळणारी माणसं फार थोडी. आणि ती बोलली. धाकटी लहानपणी कशी हट्टी होती, आकडे मोजल्याशिवाय झोपायची नाही, पोळीचे तुकडेसुद्धा सारखे करून मग खायची. तिचा राग नाकावर असतो पण मन लोण्याचं. तिला पहिली नोकरी लागली तेव्हा आईने कोणाला न सांगता दिवसभर गाणं गुणगुणलं होतं. मी मान खाली घालून सगळं ऐकलं. निघताना ती म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं. तू रोज येतेस, एक दिवस चुकवत नाहीस. आणि ती एकदासुद्धा नाही."

उताराच्या वाटेने खाली येताना मी मनात ताईवर चरफडत होते. रोज येते म्हणे. रोज कुठली, दिवसाआड तर येते. रोज यायला तिच्या तारखाच पुरणार नाहीत.

आणि मी तिथेच थांबले. मागून चाकाची खुर्ची ढकलत येणाऱ्या माणसाने बाजूला व्हायला सांगितलं तरी मला हलायचं सुचेना.

आईला आपली मुलींची मोजणी चुकलीये हे कोणी न सांगताही कळू शकलं असतं, ते असं. ताई दिवसाआडच येऊ शकते. आईच्या हिशेबात ती रोज येतेय. एका माणसाला शक्य आहेत त्यापेक्षा जास्त भेटी एकाच नावावर जमा होत असतील, तर त्या नावाखाली एक माणूस नाही, दोन आहेत. चेहरे बघायची गरज नाही. खुणांची गरज नाही. भेटी तेवढ्या मोजायच्या.

मी विभागाकडे जवळजवळ पळत गेले. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने मला काय म्हटलं ते मी ऐकलं नाही.

माझ्या संगणकाने काय केलं होतं ते आता सांगायला हवं. दोन तक्ते एकच आहेत का हे नक्की ठरवायचं तर ते शेजारी ठेवून, चार नावांची प्रत्येक अदलाबदल करून ताडून बघावं लागतं. ढिगातल्या प्रत्येकाला प्रत्येकाशी असं ताडत बसले असते तर उत्तर निघायच्या आधी मी निवृत्त झाले असते. म्हणून मी एक सोपी वाट काढली होती. प्रत्येक तक्त्याची एक चिठ्ठी करायची. कोणाचं किती वेळा चालतं, स्वतःच्या मतावर ठाम माणसं किती, आधी बोलल्याने फरक पडतो अशा जोड्या किती, असं बरंच काही तिच्यावर असायचं. चिठ्ठी नवी निघाली की नवं घर. आधीच्या एखाद्या चिठ्ठीसारखी निघाली की जुनंच घर समजून तक्ता टाकून द्यायचा. तीन माणसांच्या घरांवर हे करून पाहिलं तेव्हा चोख चाललं होतं, मग मी निर्धास्त झाले.

टाकून दिलेले मोजावेत असं मला सुचलंच नव्हतं.

चार नावं चोवीस प्रकारे बदलता येतात. म्हणून कुठलंही एक घर ढिगात जास्तीत जास्त चोवीस वेळा येऊ शकतं. ज्या घरांत दोन माणसांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही ती आणखी कमी वेळा येतात, पण चोवीसच्या वर कोणीही नाही. मी संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, प्रत्येक चिठ्ठीवर किती तक्ते जमा झाले ते लिही म्हणून. मग खुर्चीत बसून नखं खाल्ली. पडद्यावरून आकडे सरकायला लागले. चोवीस, चोवीस, बारा, चोवीस, आठ, चोवीस. मध्येच अठ्ठेचाळीस.

मी सूत्रधारांच्या दारावर थाप मारली. ते डबा उघडून बसले होते. मी म्हटलं, चूक सापडली. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि चपला न घालता माझ्यामागे आले. पडद्यावरच्या त्या आकड्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले की हे इतकं सोपं होतं, आणि त्यांनाही सुचलं नव्हतं. त्यांच्याकडून हे ऐकणं म्हणजे पदक मिळण्यासारखं होतं. मी ते घेतलं.

पण ते मुळात शंकेखोर. म्हणाले, तक्ते अठ्ठेचाळीस आहेत म्हणजे घरं दोन असणार हे ठीक, पण दोघांत फरक कुठे आहे? मी दोन्ही तक्ते छापले. एक हातात घेऊन बघितला, मग दुसरा. काही दिसेना. चिठ्ठीवरची ओळ न् ओळ तीच. सूत्रधारांनी दोन्ही कागद माझ्या हातातून घेतले आणि टेबलावर कडेला कड लावून ठेवले. "एकेकटा बघू नका," ते म्हणाले. "शेजारी ठेवा आणि एकाला दुसऱ्यावर बसवून बघा."

अर्ध्या तासात ते दिसलं. दोन्ही घरांत एकेक माणूस असा, की त्याचं सगळ्यांत जास्त चालतं. दोन्ही घरांत दोन माणसं स्वतःच्या मतावर ठाम. चिठ्ठीत या दोन्ही गोष्टी होत्या, पण सुट्या सुट्या. पहिल्या घरात ज्याचं सगळ्यांत जास्त चालतं तो स्वतः ठाम होता. दुसऱ्यात तो एकटा पडला की डळमळत होता आणि ठाम माणसं भलतीच होती. काही केल्या एक घर दुसऱ्यावर बसेना. सूत्रधारांचा आकडा आणि माझी यादी जुळली. आम्ही चहा मागवला. त्यांनी विचारलं, हे मोजायचं तुम्हाला सुचलं कसं?

मी आईचं सांगितलं. सांगता सांगता मला कळलं की गेला तासभर मी आईला साफ विसरले होते, इतका मला आनंद झाला होता. मला ओशाळल्यासारखं झालं. सूत्रधारांनी काही शहाणपणाचं बोलायचा प्रयत्न केला नाही. दोन कागद अजून टेबलावर शेजारी शेजारी पडले होते, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "मग फोन करा ना बहिणीला."

फोन उचलून ताईने "बोल" एवढंच म्हटलं. माझाच आवाज पलीकडून ऐकू येणं मला कधीच आवडलेलं नाही. मी तिला चेहऱ्यांचं सांगितलं, बुटांचं सांगितलं, ओळखपत्राचं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मग मी विचारलं, आई तुला कधी म्हणाली का, की तू रोज येतेस? ताई म्हणाली, हो, दरवेळी म्हणते, आणि मला वाटायचं, आता तिला दिवस कळेनासे झाले.

मग ताई म्हणाली, "तुला माहितीये का, मी तिथे जाऊन काय करते? तुझी स्तुती ऐकते. धाकटी अशी, धाकटी तशी, धाकटी येत का नाही. पंधरा मिनिटं मी माझ्या पाठदुखीचं सांगावं म्हणून जाते आणि तासभर तुझं ऐकून परत येते." तिचा आवाज चिडका नव्हता, नुसता थकलेला होता. आजवर मला एवढंच दिसलं होतं की आईच्या मोजणीतून मी गळले. जी मोजली जात होती तिच्या वाट्याला काय येत होतं हे मला दिसलंच नव्हतं. मी म्हटलं, उद्या दोघी एकदम जाऊ. ती म्हणाली, उद्या विषम तारीख आहे. मी म्हटलं, असू दे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाटकाशी भेटलो. कोणी कोणाला मिठीबिठी मारली नाही. उताराच्या वाटेने वर गेलो, खोलीत शिरलो आणि दोघी एकदमच "आई" म्हणालो.

आई वळली. "आलीस का" म्हणून ती अडखळली. आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. दोन चष्मे, दोन सारखे आवाज. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. आपण हिला उगाच छळतोय असं मला वाटलं.

मी घाईघाईने सांगायला लागले, आई, घाबरू नकोस, तुला चेहरे ओळखायला जरा... "तू थांब, मी सांगते," ताई म्हणाली. मी म्हटलं, मला पुरं तर करू दे. ती म्हणाली, तू डॉक्टरी भाषेत सांगशील आणि ती आणखी घाबरेल. मी म्हटलं, आणि तू काय कीर्तन करणार आहेस का? खोलीत खुर्ची एकच होती. ताईने बोलता बोलता मला दंडाला धरून तिच्यात बसवलं आणि स्वतः उभी राहिली. मी बसले आणि बसल्या बसल्याही भांडत राहिले.

आमचं भांडण ऐकता ऐकता, कोण कोणाला बसवतंय ते बघता बघता आईच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू गेली. तिने बोट वर केलं. "ही थोरली," ती ताईकडे दाखवत म्हणाली. मग बोट माझ्याकडे वळलं. "मग तू धाकटी."

मी हो म्हटलं.

"तू येत होतीस?"

"दिवसाआड. ताई एक दिवस, मी एक दिवस."

ती सगळं मागे जाऊन आठवत होती हे दिसत होतं. "म्हणजे तुझी गाऱ्हाणी मी तुझ्यापाशीच केली?" मी म्हटलं, गाऱ्हाणी केलीस आणि कौतुकही केलंस, आणि मी गपचूप ऐकून घेतलं. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, डाव्या हाताने, जो उचलायला तिला एरवी तीनदा सांगावं लागायचं. मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. तिने माझं डोकं जवळ ओढून घेतलं. तिच्या अंगाला औषधाचा वास येत होता आणि मला तिथून हलायचं नव्हतं.

जरा वेळाने माझ्या डोक्यावरचा तिचा हात थांबला. तिने ताईकडे पाहिलं. ताई खिडकीशी उभी राहून बागेकडे बघत होती.

"आणि तू यायचीस तेव्हा?" आईने तिला विचारलं. "तुझ्याशी मी काय बोलायचे?"

ताई वळली नाही. "हिच्याबद्दल," ती म्हणाली.

आईने माझं डोकं हलकेच बाजूला केलं.

"धाकटे," ती म्हणाली, "तू थोडा वेळ बाहेर बस. मला हिच्याशी बोलायचंय."

मी चष्मा पुसला, उठले, खुर्ची ताईकडे सरकवली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.